झुनैरा म्हणजे जन्नतचं फूल नव्हे

पूर्वी आपल्या घरांत मुलीचं नाव ठेवलं जायचं, आता ते शोधलं जातं. बाप कुवेतला किंवा दोह्याला, आई बाळंतपणाला माहेरी दिघीला, मामा मुंब्र्याला. तिघांच्या मोबाइलवर एकच यादी फिरत असते आणि अटी चार असतात. नाव कुरआनातलं हवं, अर्थ गोड हवा, कानाला नवं वाटायला हवं, आणि गावात दुसऱ्या कुणाचं असता कामा नये. या चार अटींत बसणारं नाव मिळालं की अकीक्याच्या बोकडापेक्षा त्याचीच चर्चा जास्त होते.

या चार अटींतून जी नावं बाहेर पडतात त्यांतलं एक म्हणजे झुनैरा. 'अर्थ: जन्नतचं फूल' असं शेजारी लिहिलेलं असतं. पुढे 'मूळ: कुरआन'. पुढे 'दुर्मिळ'. आईबाप खूश. दादी बिचारी दोनदा उच्चारून बघते, 'जुनेरा' म्हणते, सगळे हसतात आणि विषय संपतो.

मला हा विषय इथे संपवायचा नाही. कारण या एका नावात आपण आज धर्म, भाषा आणि घर या तिन्हींशी काय वागतो आहोत ते दिसतं.

आधी साधी तपासणी करू. 'झुनैरा' हा शब्द कुरआनात एकदाही आलेला नाही. जन्नतचं वर्णन करताना कुरआनात झऱ्यांची नावं आहेत. सलसबील आहे, तस्नीम आहे. सिद्रा म्हणजे बोरीचं झाड आहे. खजूर, डाळिंब, केळी किंवा तत्सम झाडाचा उल्लेख आहे. झुनैरा नावाचं फूल मात्र कोणत्याही सुरेत नाही. मग हे नाव आलं कुठून?

ते आलं एका बाईकडून. सीरतच्या ग्रंथांत तिचं नाव झिन्नीरा असं येतं. आपल्या उपखंडात त्याचं झुनैरा झालं. ही मक्केतली रूमी वंशाची गुलाम स्त्री. इस्लाम स्वीकारणाऱ्या अगदी पहिल्या माणसांपैकी एक. मालकांनी तिला इतका छळ दिला की तिची नजर गेली. कुरैश म्हणाले, लात आणि उझ्झा या आमच्या देवतांनीच हिचे डोळे काढून घेतले. ती म्हणाली, त्या ना कुणाचं भलं करू शकतात ना बुरं. हजरत अबूबकर (रजि.) यांनी ज्या गुलामांना विकत घेऊन मुक्त केलं, त्यांत हजरत बिलाल (रजि.) यांच्याबरोबर हिचंही नाव आहे. पुढे तिची दृष्टी परत आली असं सांगितलं जातं.

आता मला सांगा, एवढी मोठी बाई समोर असताना आपण तिच्या जागी एक फूल का ठेवलं? मुलीला सांगायला केवढी गोष्ट आपल्या हातात होती. 'बेटा, तुझं नाव अशा बाईचं आहे जिच्याकडे ना घर होतं ना कबिला, तरी ती मक्केच्या सरदारांना घाबरली नाही.' ते सोडून आपण सांगतो, 'तुझं नाव म्हणजे फ्लॉवर ऑफ पॅराडाइज.' मार खाल्लेल्या, न वाकलेल्या एका गुलाम स्त्रीचं आपण सजावटीचं सामान करून टाकलं. नाव टिकलं आणि बाई पुसली गेली.

माझं म्हणणं एवढंच आहे: नावाला अर्थ शब्दकोश देत नाही, ते नाव आधी जगलेली माणसं देतात. आणि ज्या दिवशी आपण 'कुणाचंच नसलेलं' नाव शोधायला लागलो, त्या दिवशी आपण आपल्या मुलींना माणसांपासून तोडायला लागलो.

आता 'कुरआनातलं नाव' ही पहिली अट घ्या. संपूर्ण कुरआनात नाव घेऊन उल्लेख झालेली स्त्री एकच आहे, हजरत मरियम. फिरऔनच्या पत्नीचा उल्लेख आहे, पण आसिया हे तिचं नाव हदीसमधून येतं. हव्वा हे नावही कुरआनात नाही. म्हणजे काटेकोर बोलायचं तर मुलीसाठी 'कुरआनातलं नाव' एकच, आणि ते आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मर्यम, मरियमबी म्हणून नांदतं आहे. पण ते नको असतं, कारण ते दुर्मिळ नाही. मावशीचं आहे, शेजारणीचं आहे, मासळी विकणाऱ्या बाईचंही आहे.

मग लोक काय करतात? कुरआनातला कानाला बरा वाटणारा कुठलाही शब्द उचलतात. अनअम्ता हे नाव आज बऱ्यापैकी चालतं. हा सुरे फातिहातला शब्द आहे आणि ते क्रियापद आहे: 'तू कृपा केलीस.' लिनता हेही तसंच: 'तू मवाळ झालास.' अलैना म्हणजे 'आमच्यावर'. उद्या कुणी ज्ञानेश्वरी उघडून 'आतां' हा शब्द पवित्र ग्रंथात आहे म्हणून मुलाचं नाव 'आतां' ठेवलं तर आपण हसू. पण अरबी आपल्याला कळत नाही, म्हणून आपण हसत नाही, 'माशाअल्लाह' म्हणतो. कुरआनात फिरऔन आहे, हामान आहे, कारून आहे, अबू लहब आहे. एखादा शब्द तिथे आहे, एवढ्यावरून तो नाव होत नाही. कुरआन ही हिदायतीची किताब आहे. तिची पानं नावांच्या यादीसारखी चाळायची हा अदब नव्हे.

दुसरी अट गोड अर्थाची. इथे तर आपली पंचाईतच आहे, कारण अरबी अर्थ अरबी अक्षरांवर उभा असतो आणि ती अक्षरं आपल्या जिभेवरही नाहीत, देवनागरीतही नाहीत. अरबीत ज-झ च्या जवळ ऐकू येणारी चार वेगळी अक्षरं आहेत. आपल्याकडे ती सगळी 'ज' नाहीतर 'झ' होतात. 'अलीम' एका अक्षराने लिहिलं तर 'सर्व जाणणारा', दुसऱ्याने लिहिलं तर 'वेदना देणारं'. कुरआनात अजाबाला जो अलीम शब्द लागतो तो हा दुसरा. मराठीत दोन्ही 'अलीम'च. 'आसिया' घ्या. फिरऔनच्या नेक पत्नीचं नाव वेगळ्या अक्षरांत, आणि 'अवज्ञा करणारी' या अर्थाचा शब्द वेगळ्या अक्षरांत. मराठीत दोन्ही आसिया. सहीह मुस्लिममध्ये आहे की हजरत उमर (रजि.) यांच्या एका मुलीचं नाव या दुसऱ्या अर्थाचं होतं आणि प्रेषितांनी (स.) ते बदलून जमीला ठेवलं. दिघीच्या जेट्टीवर उभं राहून तुम्ही 'आसिया' अशी हाक मारलीत, तर ती पहिली की दुसरी हे कुठला अरब सांगणार आहे? आणि म्हणून आपल्या आसिया वाईट ठरल्या का? अजिबात नाही. हाक मारणाऱ्या आईच्या मनात जी आसिया आहे, तीच तिचा अर्थ.

आपल्या समोरचा किल्लाच बघा. अरबीत बेटाला 'जझीरा' म्हणतात. आपल्या किनाऱ्याने त्याचा जंजिरा केला. शेकडो वर्षं सगळं जग त्याला जंजिराच म्हणतंय, आणि कुणी तो 'चुकीचा उच्चार' म्हणून दुरुस्त करायला निघालेलं नाही. मग खदीजाची खतिजा झाली, फातिमाची फातमा झाली, इब्राहिमचा इब्राम झाला, तर आपण लाजतो कशाला? ते नाव इथल्या माणसांच्या तोंडात रुळलं, इथलं झालं. दादीच्या उच्चाराला हसणारे आपण अरबांच्या उच्चारापासूनही तेवढेच लांब आहोत.

याच जंजिऱ्याच्या पाण्यात गोड अर्थाबद्दलचा आणखी एक धडा आहे. सिद्दींची नावं आठवा: सिद्दी सुंबूल, सिद्दी खैरियत, सिद्दी सुरूर. कासमला पुढे किताब मिळाला तो याकूत खान. त्याआधीच्या दख्खनमधला सगळ्यात मोठा हबशी म्हणजे मलिक अंबर. सुंबूल म्हणजे सुगंधी वनस्पती, खैरियत म्हणजे क्षेमकुशल, सुरूर म्हणजे आनंद, अंबर म्हणजे सुगंधी द्रव्य, याकूत म्हणजे माणिक. किती सुंदर अर्थ! याकूत तर सुरे रहमानमध्येही आहे. आजच्या चारही अटींत चपखल बसेल. पण अशी नावं त्या काळात मोठ्या प्रमाणावर कुणाला दिली जात? गुलामांना. मोत्यांची, अत्तरांची, शुभशकुनाची नावं मालक आपल्या गुलामांना देत. मुअजमुल बुलदान लिहिणारा भूगोलकार याकूतही लहानपणी गुलाम म्हणूनच विकला गेला होता. मलिक अंबरचं हबशी देशातलं पहिलं नाव चापू; अंबर हे मालकाने ठेवलेलं. जुने अरब स्वतःच्या मुलांची नावं मात्र हर्ब म्हणजे युद्ध, सख्र म्हणजे खडक अशी ठेवत.

मुरूडजवळ खोकरीला सिद्दींच्या कबरी आहेत. तिथे उभं राहिलं की कळतं, ही नावं आज भारदस्त वाटतात ती शब्दाच्या अर्थामुळे नव्हे. विकल्या गेलेल्या माणसांनी आणि त्यांच्या वारसांनी समुद्रातला किल्ला शतकानुशतकं हातचा जाऊ दिला नाही, म्हणून वाटतात. नाव मालकाने दिलं, अर्थ त्यांनी स्वतः कमावला.

आता कुणी म्हणेल, चांगलं नाव ठेवायला दीनमध्येच सांगितलंय. बरोबर. कयामतच्या दिवशी तुम्हाला तुमच्या आणि बापाच्या नावाने हाक मारली जाईल, तेव्हा नावं चांगली ठेवा, अशी रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. पण 'चांगलं' म्हणजे काय, हे प्रेषितांच्या (स.) वागण्यावरून बघू की मोबाइलवरून?

प्रेषितांनी (स.) वाईट अर्थाची नावं बदलली, हे वर आलंच. पण एक अतिशय सुंदर अर्थाचं नावही त्यांनी बदललं. 'बर्रा' म्हणजे पुण्यशील, नेक. हे नाव स्वतःचीच तारीफ करतं म्हणून त्यांनी ते बदलून जैनब ठेवलं. अफलह, रबाह, यसार, नाफे ही यशाची, नफ्याची, सुबत्तेची नावं सेवकांना देऊ नका, असंही सहीह मुस्लिममध्ये आहे. कारण काय? उद्या कुणी विचारलं 'घरात बरकत आहे का?' आणि उत्तर आलं 'नाही', तर? म्हणजे नावात शुभ भरून ठेवायची हौस तिथे खोडून काढलेली आहे. अल्लाहला सगळ्यात प्रिय नावं कोणती, तर अब्दुल्ला आणि अब्दुर्रहमान. अल्लाहचा बंदा, रहमानचा बंदा. यांत दुर्मिळ काय आहे? अख्ख्या किनाऱ्यावर गल्लोगल्ली अब्दुल्ला आणि अब्दुल रहमान सापडतील.

आणि ज्या नावांना आपण सर्वांत पवित्र मानतो त्यांचे कोशातले अर्थ बघा. खदीजा म्हणजे वेळेआधी जन्मलेली. फातिमा म्हणजे बाळाचं दूध सोडवणारी. उस्मानचा एक अर्थ माळढोकाच्या जातीतल्या पक्ष्याचं पिल्लू. ही नावं इस्लामच्या आधीपासून अरबांत चालत होती आणि प्रेषितांनी (स.) ती बदलली नाहीत. आज एखाद्या संकेतस्थळावर कुणी 'खदीजा' टाकून 'अर्थ: अपुऱ्या दिवसांची' असं वाचलं तर नाव रद्द होईल. पण उम्मतच्या आईचं नाव आहे ते! ज्या व्यापारी बाईने पहिल्या वहीच्या रात्री घाबरून घरी आलेल्या पतीला धीर दिला, तिने त्या शब्दाला अर्थ दिला.

तिसरी गोष्ट या संकेतस्थळांची. मुस्लिम नावांच्या अनेक पानांवर नावाशेजारी 'लकी नंबर', 'लकी दिवस', 'लकी रत्न', 'लकी रंग' छापलेले असतात. आपण शकुन-अपशकुनाला शिर्कच्या वाटेवरचा समजतो, तावीज बघून नाक मुरडतो, आणि रात्री पांघरुणात तोंड घालून मुलीचा 'लकी स्टोन' वाचतो. मूल आजारी पडलं की 'नाव भारी पडलं, बदला' म्हणणारे आपल्यातच आहेत. बाळाचा ताप उतरत नसेल तर बोर्लीला डॉक्टरकडे न्या. नावाला ताप येत नाही.

हीच पानं 'लोकप्रियता' टक्क्यांत सांगतात. कशावरून? इंग्लंड आणि वेल्समध्ये दरवर्षी जन्मनोंदणीवरून नावांची क्रमवारी सरकार प्रसिद्ध करतं. २०२३ च्या यादीत मुलांमध्ये मुहम्मद पहिलं होतं. आपल्याकडे अशी क्रमवारी निघतच नाही. म्हणजे 'दुर्मिळ' हा शिक्का म्हणजे निव्वळ दुकानदारी आहे. गंमत अशी की एकाच यादीतून हजारो घरं 'दुर्मिळ' नाव उचलतात आणि पाच वर्षांनी बालवाडीच्या एका वर्गात तीन इनाया, दोन अनाबिया आणि दोन झुनैरा बसलेल्या असतात. दादीची हलिमा, रुकय्या किंवा जुलेखा मात्र त्या वर्गात एकही नसते. आज खरं दुर्मिळ नाव कुठलं, तुम्हीच सांगा.

याला व्यवहाराचीही बाजू आहे आणि ती हलक्यात घेऊ नका. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, लग्नाची नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा आहे. ज्या नावाचं स्पेलिंग आईबापांचंच ठरलेलं नसतं, ते दाखल्यावर जुनैरा, आधारवर झुनेरा आणि पासपोर्टवर तिसरंच होतं. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, हेलपाटे. ज्यांची चूल आखाताच्या पगारावर पेटते त्यांना कागदावरच्या एका अक्षराची किंमत माहीत असते. त्यात आजच्या दिवसांत मुसलमानाच्या कागदावर जास्त वेळ बोट ठेवलं जातं, हे मी सांगायला नको. दाखल्यात नाव घालायला बारा महिन्यांपर्यंत शुल्क लागत नाही. घाई करू नका, पण जे घालाल ते एकदाच आणि नीट घाला.

या शोधामागे एक भीतीही आहे, आणि तिच्याबद्दल मला कळकळ आहे. दोन टोकांची भीती. एका घराला वाटतं, नाव जितकं अरबी तितके आपण पक्के मुसलमान. दुसऱ्या घराला वाटतं, नाव असं असावं की पुण्या-मुंबईत घर भाड्याने मागताना पटकन कळू नये. पहिलं घर अरबस्तानकडे बघतं, दुसरं घरमालकाकडे. दुसऱ्या घराला मी दोष देणार नाही. नाव ऐकून दार लावणाऱ्यांचा दोष आहे तो. पण दोन्ही घरं एक गोष्ट सारखीच करतात. स्वतःच्या दादीकडे, नानीकडे पाठ फिरवतात. जणू इथल्या मातीत मुरलेलं, कोकणी बोलणारं मुसलमानपण कमी प्रतीचं आहे, त्याला वरून झिलई हवी.

तसं नाही. आंबेतच्या एका घरातला मुलगा अब्दुल रहमान या अगदी साध्या, सगळीकडे सापडणाऱ्या नावाने शिकला, बॅरिस्टर झाला, १९८० मध्ये महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला. त्याच्याच कारकिर्दीत, १९८१ साली, कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. अंतुल्यांच्या राजकारणाबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणो, पण आज आपण पत्त्यात जे 'जिल्हा रायगड' लिहितो ते एका अब्दुल रहमानमुळे.

म्हणून माझी विनंती आहे. सातव्या दिवशी बाळाचे केस उतरवाल, त्यांच्या वजनाइतकी चांदी सदका कराल, अकीका कराल. त्याआधी मोबाइल बाजूला ठेवा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा: तुझ्या आईचं नाव काय होतं? तिच्या आईचं? कुणी विधवा होऊन चार पोरं वाढवली असतील, कुणी नवरा जहाजावर असताना शेत राखलं असेल, कुणी रात्री कंदिलाखाली पोरींना कुरआन शिकवला असेल. त्यांतलं एक नाव उचला आणि गोष्टीसकट मुलीला द्या.

आणि झुनैराच ठेवायचं असेल, तर जरूर ठेवा. फार मोठं नाव आहे ते. फक्त तिला फुलाची थाप मारू नका. ती मोठी झाली, 'माझ्या नावाचा अर्थ काय?' असं तिने विचारलं, की तिला मक्केतल्या त्या गुलाम बाईची गोष्ट सांगा.